कोरड्या विहिरीची गोष्ट कुणाला सांगायची?

साशंक : ताई, पोथी वाचून माणसाला धीर येतो हे मी नाकारत नाही. पण हा धीर फार स्वस्तात मिळतो, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. वऱ्हाडात घरोघर गजानन विजय आहे. दासगणूंनी गजानन महाराजांवर 1939 साली लिहिलेली, 21 अध्यायांची पोथी. कुणी रोज एक अध्याय वाचतं, कुणी तीन दिवसांत पारायण करतं, कुणी एका बैठकीत. तिच्या पाचव्या अध्यायात अकोटाजवळच्या अकोलीची गोष्ट येते: कोरड्या पडलेल्या विहिरीला महाराजांनी पाणी आणलं. वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो, पोथीवर फूल वाहिलं जातं, दिवस सुरू होतो. आणि त्याच अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथं बोअरला पाणी लागतं, पण ते घशाखाली उतरत नाही आणि पिकालाही मानवत नाही. पिढ्यानपिढ्या तेच पाणी प्यायलेल्या गावांत मूत्रपिंडाच्या दुखण्यानं माणसं खंगली. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना गोडं पाणी मिळालं ते वान धरणावरून आलेल्या 84 खेडी योजनेतून. तिथं धरण लागलं, पाइप लागले, निधी लागला आणि त्यासाठी ओरडणारी माणसं लागली. विहिरीची गोष्ट रोज वाचणाऱ्या माणसाला या सगळ्याची गरजच वाटेनाशी झाली, तर तो धीर काय कामाचा?

भाविक : भाऊ, तुम्ही गोष्टीचा शेवट सांगितला, सुरुवात सोडली. सोडण्यात तुम्ही एकटे नाही, पोथी वाचणारेही तीच सोडतात. ऐन उन्हाची वेळ आहे. भास्कर पाटील शेतात राबतोय. शेतातली विहीर बारा वर्षं कोरडी, म्हणून त्यानं गावातून पाण्याची घागर डोक्यावर वाहून आणलीय. महाराज येतात आणि पाणी मागतात. भास्कर देत नाही. आता त्यानं नकार कसा दिला ते नीट बघा. शिवी देऊन हाकलून लावलं, एवढंच झालं असतं तर गोष्ट साधी होती. पण तो कारण देतो, आणि ते कारण धर्माचं आहे. आंधळ्याला, पांगळ्याला, अनाथाला पाणी दिलं तर पुण्य लागतं. तुझ्यासारख्या धट्ट्याकट्ट्या, काम न करणाऱ्या माणसाला दिलं तर ते पापाला मदत केल्यासारखं होतं, असा त्याचा युक्तिवाद आहे. समोर तहानलेला माणूस उभा आहे आणि हा शास्त्र सांगतोय. पोथी लिहिणारानं हा नकार दोन शब्दांत उरकला नाही, भास्कराच्या तोंडी सबंध युक्तिवाद दिला. पाणी मागाहून येतं. या अध्यायात मला रोजच्या जगण्यासाठी काही सापडत असेल तर ते त्या नकाराच्या जागी सापडतं, कारण तिथं मी स्वतःला ओळखते. दारावर आलेल्या माणसाला परत पाठवताना आपण सगळेच कधी ना कधी भास्कराचं भाषण करतो.

साशंक : भास्कराची बाजू मी घेतो, कारण ती कुणी घेत नाही. ती घागर त्यानं स्वतःच्या डोक्यावर आणलेली होती. उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या शेतात एक घागर म्हणजे दिवसभराचं पाणी. ज्याच्याकडे कमी आहे त्यानं कुणाला द्यायचं हे ठरवायलाच हवं, आणि ठरवायचं तर निकष लागतो. आजचं सरकार तेच करतं. शेतकऱ्यानं जीव दिला की त्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, पण प्रकरण आधी पात्र ठरावं लागतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. ज्यानं ठेक्यानं शेती केली, पाहुण्याकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून हातउसने घेतले, त्याचं प्रकरण अपात्र ठरतं. हे क्रूर आहे, मान्य. पण सार्वजनिक पैसा निकषाशिवाय वाटता येत नाही. निकष चुकीचा असेल तर तो बदलायचा, आणि तो कलेक्टर कचेरीत, विधानसभेत, कोर्टात बदलतो. तिथं करुणा उपयोगी पडत नाही, कागद पडतो. तुमची पोथी भास्कराला रडवते, त्याचा निकष सुधारत नाही.

भाविक : निकष असू नये असं मी म्हणणार नाही. भास्करानं ‘पाणी थोडं आहे’ एवढंच म्हटलं असतं, तर त्याला दोष द्यायला मी धजले नसते. माझ्याकडे कमी आहे म्हणून मी नाही म्हणते, हे खरं बोलणं झालं. त्यात माझी अडचण माझ्या पदरात राहते. भास्करानं आपली अडचण उचलून समोरच्याच्या अंगावर टाकली: तूच लायक नाहीस. पात्र-अपात्राच्या यादीत नेमकं हेच होतं. सरकारजवळ पैसा कमी आहे, हे त्या यादीत कुठंच लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते विधवेच्या नावापुढं, अपात्र म्हणून. निकष कागदावर बदलतो हे तुमचं खरं. पण तो बदलायला हवा असं वाटणारं माणूस आधी लागतं. पंजाबराव देशमुख घ्या. पापळसारख्या खेड्यात जन्मलेला मुलगा परदेशी जातो आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहितो. परत येऊन अमरावतीचं अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उभा राहतो. मंत्री झाल्यावर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा आणतो. धर्मग्रंथ इतक्या खोलात शिरून वाचलेला माणूस देवळाच्या दारापर्यंत आणि सावकाराच्या वहीपर्यंत पोचला. ग्रंथानंच त्याला तिथं नेलं, असा दावा मी करणार नाही. पण ग्रंथानं त्याला वाटेत अडवून ठेवलं नाही, एवढं तर दिसतं.

साशंक : अंबादेवीचं नाव तुम्ही घेतलंत, तर त्या दाराची दुसरी बाजूही बघू. 13 नोव्हेंबर 1927 ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात याच देवळाच्या प्रश्नावर परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. त्यानंतर सहा आठवडे झाले, 25 डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांना कुठल्या ओवीतून उमेद मिळवायला सांगणार? शास्त्रात दया आहे, तशी पायरीही आहे, आणि ती पायरी आखणारेही शास्त्रच सांगत होते, तुमच्या भास्करासारखं. मग होतं असं की चांगला माणूस ग्रंथातून चांगलं वेचतो, दुष्ट माणूस त्यातूनच दुष्टपणाला आधार शोधतो. वेचणारी बुद्धी ग्रंथाच्या बाहेरची असते. ती आधीच चांगली असेल तर ग्रंथ कशाला? आणि वाईट असेल तर ग्रंथ धोक्याचा. या पेचातून तुम्हाला सुटता येणार नाही.

भाविक : पूर्ण सुटता येणार नाही, हे कबूल. जाळण्यासारखं जे होतं ते जाळलं गेलं, आणि ते योग्यच झालं असं मी पोथी वाचणारी असूनही म्हणते. पण त्याच बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटी काय केलं बघा. प्रकृती साथ देत नसताना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून पुरा केला. तो छापून आला 1957 साली, त्यांच्या मागे. आज अकोला-अमरावतीकडच्या विहारांतून वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तो रोज थोडा थोडा वाचला जातो. दिवसभर कपाशीत निंदण करून आलेल्या बाया संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून तो ऐकायला बसतात. ज्यानं ग्रंथाची सत्ता सगळ्यांत कठोरपणे नाकारली, त्यालाही आपल्या माणसांच्या हातात एक ग्रंथ द्यावासा वाटला. एकट्यानं वाचण्यासारखा, आणि मिळून ऐकण्यासारखाही. माझ्या मते याचं कारण असं. वेचणारी बुद्धी आपली असते, पण ती रोज जाग्यावर नसते. दमलेली असते, रागावलेली असते, घाबरलेली असते. सकाळी चांगलं ठरवलेलं माणूस दुपारी भास्कर होतो. म्हणून दिवसाच्या एका ठरल्या वेळी, चार जणांच्या देखत, आपण स्वतः निवडलेलं नाही असं काही कानावर पडावं लागतं. हल्ली मोबाइलवर रोज जो सुविचार येतो त्याच्याशी माझं भांडण इथंच आहे. तो आपल्या आवडीचाच निवडलेला असतो. अध्यायातून उपटलेली ओवी कुणाला काही विचारत नाही. सबंध अध्याय वाचायला बसलात की नकाराची पानंही वाचावी लागतात.

साशंक : सबंध वाचणाऱ्यांतसुद्धा मला एक गोष्ट दिसते आणि ती जास्त गंभीर आहे. धीराचं वाक्य कुणाच्या कानावर पडतं त्याप्रमाणे त्याचा अर्थ फिरतो. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता 1955 ची. 41 अध्याय, आरोग्य, श्रम, शिक्षण, बायांची उन्नती, यात्रा-मेळे, कशाकशावर अध्याय आहेत. त्यात प्रारब्धवादाचा समाचार आहे आणि प्रयत्नाची थोरवी आहे. उत्तम. आता हा प्रयत्नाचा अध्याय एखाद्या कोरडवाहूवाल्याला वाचून दाखवा. दुबार पेरणी झालीय, सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडलाय, कापूस निघाला तेव्हा भाव पडलाय. यानं प्रयत्न करायचा ठेवला कुठं? त्याला ‘प्रयत्न कर’ म्हणणं हा धीर नाही, तो ठपका आहे. आणि नशिबाचं बोललात तर तो ठपका मागच्या जन्मावर जातो, एवढाच फरक. श्रद्धेनं उमेद देणाऱ्या वाङ्मयात हा ठपका खोल दडलेला असतो: अजून तू खचलेला आहेस, म्हणजे तुझी श्रद्धा कमी पडली. खचलेल्या माणसाला हे लगेच ऐकू येतं, सांगणाऱ्याला येत नाही. असा माणूस हळूहळू प्रार्थनेला येईनासा होतो. मोझरीला गुरुकुंजात तुकडोजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो लोक जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात. तो देखावा मोठाच आहे. पण तिथं उभे असलेले दिसतात. जो गावातच राहिला, घराबाहेर पडलाच नाही, त्याची मोजदाद कोणत्या प्रार्थनेत होते?

भाविक : या बोलण्यानं मला थांबवलं. आजवर मी असं समजत होते की धीराचं वचन ज्याला धीर हवा त्याच्यासाठी असतं. तुमचं ऐकून वाटतं, बहुतेक वेळा ते त्याच्यासाठी नसतंच. ग्रामगीता तुम्ही शेतकऱ्याला वाचून दाखवलीत, पण ती महाराजांनी गावाला अर्पण केलेली आहे. तिच्यातला प्रयत्न हा गावानं करायचा प्रयत्न आहे. एकट्यादुकट्याला ‘उठ, कामाला लाग’ असं सांगणारी ती असती, तर दलितसेवेवर, ग्रामआरोग्यावर, संघटनेवर स्वतंत्र अध्याय लिहायचं कारण नव्हतं. आता अकोलीची गोष्ट परत बघा. ती तहानलेल्याला सांगितली तर चमत्कार होते: थांब, विहिरीला पाणी येईल. ज्याच्या डोक्यावर घागर आहे त्याला सांगितली तर प्रश्न होते: दिलंस का? शब्द तेच, ओव्या त्याच. तुमच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ती सांगणं चूक आहे, हे मी मान्य करते. ती सांगायची ज्यांच्या हातात नळाची चावी आहे त्यांना. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहून ठेवल्या. त्यांतही पाण्यावाचून अडलेल्या मातंगांची विनवणी आहे आणि त्यांच्यासाठी झालेली विहीर आहे. सातशे वर्षं ही लीळा वाचणाऱ्यांत ज्यांच्या वाड्यात स्वतःचा आड होता अशी माणसं किती असतील! त्यांच्यापैकी प्रत्येकाला ती लीळा उद्देशून होती.

साशंक : होती, आणि तरी आड बहुतेकांनी खुले केले नाहीत. तुमच्या बोलण्यातली फट इथंच आहे. वचन घागरवाल्याला उद्देशून आहे, हे मला पटतं. पण ते ऐकायला येतो कोण? पारायणाला तहानलेलाच बसतो, कारण त्याला दुसरीकडे जागा नाही. घागरवाला येतो तो सप्त्याचा यजमान म्हणून. मंडपाचा खर्च त्याचा, महाप्रसाद त्याचा, फ्लेक्सवर फोटो त्याचा. कीर्तनकाराची बिदागीही तोच देतो. त्याच्या तोंडावर ‘दिलंस का’ असं विचारायला कीर्तनकाराची जीभ उचलत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही, त्यालाही घर आहे. म्हणजे वचनाचा रोख बरोबर असला, तरी ते ज्या व्यवस्थेतून कानापर्यंत जातं ती व्यवस्था रोख फिरवते. मग उरतो तो पुन्हा तहानलेल्यापुरता धीर, स्वस्तातला.

भाविक : या व्यवस्थेवर एका माणसानं उपाय केला होता आणि तो याच मातीतला होता. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती, म्हणजे पोथी त्यांच्या हातातच नव्हती. ते गावात यायचे आणि आधी झाडू धरायचे. दिवसभर गाव झाडल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहायचे, आणि त्या कीर्तनात निरूपण कमी, प्रश्न जास्त. लोकांना विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत पुढं सरकत नसत. बकरं कापून देव पावतो का, कर्ज काढून तेरवी घालता ती कुणासाठी, पोरगं शाळेत का नाही. उत्तर श्रोत्याच्याच तोंडून आल्यावर ते त्याला नाकारता येत नसे. जेवणाचा मान, पाया पडणं, हारतुरे, सगळं टाळायचे. त्यामुळे यजमानाचं त्यांच्यावर ओझं राहत नसे. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत पेशंटांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा झाली; स्वतःच्या घरच्यांना त्यातलं काही नाही. श्रद्धा, दया, काळजी हे तीन शब्द त्यांच्या कीर्तनात वेगळे काढता येत नाहीत. वचन घागरवाल्यापर्यंत पोचवायचं तर सांगणाऱ्यानं त्याच्या घागरीतलं पाणी प्यायचं नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

साशंक : गाडगेबाबांपुढं मीही हात जोडतो. पण तुम्ही माझ्या बाजूचा पुरावा दिलात. पोथी न वाचता आलेला माणूस पोथी वाचणाऱ्यांच्या पुढं गेला. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांना गावकुसाबाहेरून उचलून कामाला लावलं, हाताला कसब दिलं. त्यांना कोणत्या ग्रंथानं बळ दिलं ते मला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही वाटत नाही. आणि घरात एकटा पडलेला, प्रार्थनेला न येणारा तो शेतकरी? तुम्ही त्याच्यासाठी काय वाचणार?

भाविक : त्याच्यासाठी काही वाचणार नाही. त्याच्या घरी जाईन. बसेन, चहा झाला तर घेईन, सोसायटीची नोटीस आली असेल तर ती घेऊन कुणाकडे जायचं ते बघेन, डॉक्टरला दाखवायची वेळ असेल तर सोबत जाईन. त्या घरात पोथी काढणं म्हणजे भास्कराचं भाषण उलट्या बाजूनं करणं आहे, हे आज तुमच्यामुळे कळलं.

साशंक : म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पोथी मिटलेली.

भाविक : मिटलेली. पण मी तिथं जावं, हे मला कुठून सुचलं, हा प्रश्न उरतो. तुम्ही म्हणाल, पोथी न वाचणारेही जातात. जातात, खरंच जातात, आणि वाचणारे घरी बसतात. पोथीमुळेच मी जाते हे मला सिद्ध करता येत नाही. पण रोज वाचून जो जात नाही त्याच्यासाठी काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडेही नाही. निकष बदला म्हणता. निकष बदलला तरी शेजाऱ्याच्या दारात जायचा सरकारी आदेश निघत नाही.

साशंक : नाही निघत, आणि ती जागा माझ्या हिशेबात रिकामी आहे, मी लपवत नाही. तिथं काय घालायचं ते मला माहीत नाही. पण पोथीनं ती भरते हेही मी मानत नाही, जोवर पारायण असं सलग, घड्याळ लावून उरकलं जातं.

भाविक : मग एक करता येईल. पुढच्या पारायणात पाचवा अध्याय संपला की थांबायचं. सहावा लगेच काढायचा नाही. मंडपात यजमानासकट सगळ्यांना विचारायचं: गावात कुणाच्या दारी आठवडाभर कुणी गेलेलं नाही? नाव आलं की दोघांनी उठून तिकडे जायचं, बाकीच्यांनी वाट बघायची.

साशंक : पारायणाचा नेम मोडला म्हणून पहिलं भांडण भाविकच काढतील. ठरल्या वेळी समाप्ती व्हायला हवी, प्रसादाची वेळ ठरलेली असते, वाचणाऱ्यांचा उपास असतो.

भाविक : काढतील. त्यांची श्रद्धा खोटी आहे असं मला म्हणवणार नाही, नेमाचा धाक मलाही आहे.

साशंक : आणि कुणी नावच घेतलं नाही तर? गाव गप्प बसलं तर?

भाविक : तर सहावा अध्याय कधी काढायचा, ते मला अजून ठरवता येत नाही.